सेकंदाचा दहावा हिस्सा

शर्यत म्हटली, की एका रेषेवरून सुटलेले आठदहा गडी आणि सर्वांच्या पुढे फीत तोडणारा एक विजेता, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. बर्फावरील वेगाच्या स्केटिंगचा प्रकार याहून निराळा आहे. तेथे चारशे मीटर घेराच्या लांबट गोल मार्गावर एका वेळी दोघेच सुटतात. एक आतल्या पट्ट्यातून, दुसरा बाहेरच्या. आणि कोणाला जवळची वाट मिळू नये म्हणून पुढे ते पट्ट्यांची अदलाबदल करतात. अशा जोड्या एकामागून एक धावतात आणि अखेरीस सर्वांच्या वेळा ताडून क्रमांक लावतात. शेजारच्या गड्याला सहज मागे टाकणारा माणूसही विसावा येऊ शकतो. कारण त्याचा खरा प्रतिस्पर्धी शेजारी नसतो. तो घड्याळात असतो.

येव्गेनी ग्रीशिन या रशियन खेळाडूची सारी कारकीर्द या घड्याळाशी झालेल्या झुंजीत गेली. त्याचा जन्म १९३१ साली तुला या गावी झाला. बंदुकांच्या कारखान्यांसाठी आणि चहाच्या सामोवारांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. तरुणपणी तो सायकलपटूही होता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवडलेल्या सोव्हिएत सायकल-संघात त्याचे नाव होते. हिवाळी ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघ प्रथम उतरला तो १९५६ साली, इटलीतील कोर्तिना येथे. तेथील स्केटिंगच्या शर्यती डोंगरातल्या मिझुरिना सरोवराच्या गोठलेल्या पृष्ठावर झाल्या. ग्रीशिनने ५०० मीटरचे अंतर ४०.२ सेकंदांत कापून सुवर्णपदक मिळविले. ताशी सुमारे ४५ किलोमीटरचा हा वेग, आणि तोही केवळ स्वतःच्या पायांच्या बळावर!

यानंतर १५०० मीटरच्या शर्यतीत एक चमत्कारिक गोष्ट घडली. ग्रीशिनची वेळ २ मिनिटे ८.६ सेकंद भरली आणि त्याचाच देशबांधव युरी मिखाइलोव्ह याचीही नेमकी तेवढीच. दोघांनाही सुवर्णपदक देण्यात आले. चार वर्षांनी, १९६० साली, अमेरिकेतील स्क्वॉ व्हॅली येथे पुन्हा तेच! या वेळी नॉर्वेच्या रोआल्ड ओस याची वेळ ग्रीशिनइतकीच, २ मिनिटे १०.४ सेकंद भरली आणि सुवर्णपदक पुन्हा दोघांत वाटले गेले. तेथील ५०० मीटरच्या शर्यतीत तर ग्रीशिन अखेरच्या टप्प्यात अडखळला, तरीही ४०.२ सेकंदांत पोहोचला. दुसरा आलेला अमेरिकेचा बिल डिस्नी ४०.३ सेकंदांवर होता. एका दशांशाने ते सुवर्णपदक राखले गेले.

आता हा दशांश म्हणजे किती, याचा हिशेब करू. त्या काळी वेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्शापर्यंतच नोंदीत. १५०० मीटरच्या वेगाने धावणारा गडी तेवढ्या अवधीत एक मीटरहून थोडा अधिक पुढे सरकतो. म्हणजे बरोबरीत आलेल्या दोघांत खरे पाहता जवळजवळ एक मीटरचे अंतर असणेही शक्य होते! मग ती बरोबरी खोटी होती काय?

याचे उत्तर देण्यापूर्वी मिझुरिनाचे उघडे सरोवर आठवावे. पहिली जोडी धावताना असलेला वारा शेवटची जोडी धावेपर्यंत टिकेलच असे नाही. उन्हाने बर्फही मऊ पडतो. अशा स्थितीत अधिक बारीक घड्याळाने दोघांतला फरक दाखविला असता, पण तो फरक गड्यांचा की वाऱ्याचा, हे सांगता आले नसते. जेवढे मोजता येते तेवढ्यावरच निवाडा करावा, यात एक प्रामाणिकपणा होता. पुढे मोजमाप सूक्ष्म होत गेले. २०१४ साली सोची येथे बंदिस्त सभागृहात झालेल्या १५०० मीटरच्या शर्यतीत पोलंडचा झ्बिग्न्येव ब्रूदका आणि हॉलंडचा कून फेरवेय हे शतांशापर्यंत बरोबरीत होते. सुवर्णपदक ब्रूदकाला मिळाले ते सेकंदाच्या हजाराव्या हिश्शांपैकी तिघांवर, म्हणजे चारएक सेंटिमीटरवर.

ग्रीशिनला घड्याळाने दिले, तसे त्याच्याकडून घेतलेही. जानेवारी १९६३ मध्ये अल्माआताजवळच्या मेदेओ येथे तो ५०० मीटर ३९.६ आणि लगेच ३९.५ सेकंदांत धावला, आणि चाळीस सेकंदांची वेस जागतिक विक्रमांच्या नोंदीत प्रथमच ओलांडली गेली. उंचावरची विरळ हवा तेथे गड्याला कमी अडविते, हे खरे. पण तीच हवा इतरांनाही होती. १९६४ साली इन्सब्रुक येथे ४०.६ सेकंदांत तो दुसरा आला, आणि तो क्रमांकही त्याने आणखी दोघांबरोबर वाटून घेतला. १९६८ साली ग्रेनोब्ल येथे, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्याची वेळ पुन्हा ४०.६ च भरली. दुसऱ्या क्रमांकाचे दोघे ४०.५ वर होते. केवळ एका दशांशाने तो चौथा आला आणि पदकावाचून परतला.

पुढे त्याने तरुण स्केटरांना शिकविले. २००५ साली तो निवर्तला. चार सुवर्णपदकांपैकी दोन त्याने वाटून घेतली होती, म्हणून त्याचे मोल कोणी कमी मानीत नाही. ज्या दशांशाने त्याला डिस्नीच्या पुढे नेले, त्याच दशांशाने आठ वर्षांनी त्याला पदकाबाहेर ठेवले. माप दोन्ही वेळा एकच होते, आणि खेळातला न्याय शेवटी एवढ्यावरच उभा असतो.