हातभर लांबीची एसटी

बुलढाणा जिल्ह्यात मोताळ्याहून राजूर घाट चढणारी किंवा चिखलीवरून मेहकरकडे निघालेली लाल-पिवळी गाडी कुणाला ओळखू येत नाही, असं होत नाही. रेव्हेल, तामिया अशा परदेशी कंपन्या मोटारींचे सुटे भाग पेटीत भरून विकतात. फेरारी मिळते, जुनी फोर्ड मिळते, पण आपली एसटी त्या पेट्यांत नसते. ज्याला ती हवी त्याने स्वतः मापं घ्यायची, स्वतः कापायची आणि स्वतः रंगवायची. महाराष्ट्रात असे एसटीवेडे बरेच आहेत. त्यांच्या हातून उतरणाऱ्या प्रतिकृती पाहिल्या की या छंदाला खेळणी म्हणायला जीभ रेटत नाही.

सगळा डोलारा उभा असतो तो प्रमाणावर. एकास चोवीस म्हणजे खऱ्या गाडीचे 24 सेंटिमीटर प्रतिकृतीत एक सेंटिमीटर. एसटीत वर्षानुवर्षं चाललेल्या अशोक लेलँड व्हायकिंग या चासीच्या पुढच्या-मागच्या आसांतलं अंतर 222 इंच, म्हणजे सुमारे 5,640 मिलिमीटर. त्याला 24 ने भागलं की 235 मिलिमीटर येतात. पूर्ण गाडी 11 मीटरच्या आसपास, म्हणून प्रतिकृती साधारण 46 सेंटिमीटरची, जवळजवळ एक हात लांब. टायर 42 ते 44 मिलिमीटर व्यासाचे लागतात. मागच्या आसावर दोन्ही बाजूंना जोडटायर असतात, हे नवखे हमखास विसरतात आणि गाडी मागून लुकडी दिसू लागते. आसांमधलं अंतर पाच मिलिमीटरनं चुकलं, तरी रोज एसटीनं जाणारा माणूस लांबूनच म्हणतो, ‘ही आपली नाही.’ त्याला चूक दाखवता येणार नाही, पण नजरेला ती कळलेली असते.

सांगाडा बहुधा सनबोर्डाचा. तो ब्लेडनं सरळ कापला जातो आणि वजनाला हलका असतो. खिडक्यांच्या काचांसाठी पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद, गजांसाठी बारीक तार. फेव्हिक्विक जपून वापरावं लागतं, कारण त्याच्या वाफेनं पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढुरकी साय धरते आणि ती पुसून जात नाही. म्हणून काचा शेवटी बसवतात, त्याही फेव्हिकॉलनं. सनबोर्डाऐवजी कुणी थर्माकोल घेतला आणि स्प्रेचा रंग थेट त्यावर मारला, तर थर्माकोल विरघळून खड्डे पडतात.

खरी परीक्षा रिव्हेटांची. जुन्या एसटीची बॉडी ॲल्युमिनियमची, पत्र्यावर पत्रा आणि पट्टीवर पट्टी रिव्हेट मारून बसवलेली. दहा मिलिमीटरचं रिव्हेटाचं डोकं या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान होतं. कुणी पातळ कार्डशीटच्या मागून बोथट सुई दाबून उठाव काढतं, कुणी काडीच्या टोकानं फेव्हिकॉलचे ठिपके ठेवत जातं. एका बाजूलाच शेकडो ठिपके, तेही सरळ रेषेत आणि सारख्या अंतरावर. हे काम उरकायच्या घाईनं केलं की फसतं. अलीकडच्या पोलादी बॉडीच्या गाड्यांना इतकी रिव्हेटं नसतात, त्यांच्या बाजू सपाट दिसतात. त्यामुळे गाडी कोणत्या काळातली, हे रिव्हेट पाहूनच ठरतं.

रंगाच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याचं हवामान मध्ये येतं. मे महिन्यात मलकापूर-नांदुऱ्याच्या उन्हात स्प्रेचे थेंब पृष्ठभागावर पोचायच्या आतच सुकतात आणि रंग खरखरीत बसतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे लाल रंगावर पांढुरकी झाक येते. हिवाळ्यातली कोरडी दुपार सगळ्यात चांगली. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं असल्यानं तिथल्या छंदिष्टाला उन्हाळ्याची सकाळही साधते. आणखी एक बारकी गोष्ट अशी, की खऱ्या गाडीचा लाल रंग जसाच्या तसा लहान आकारावर मारला तर भडक दिसतो. थोडा पांढरा मिसळून तो जरा फिकट करावा लागतो. मग चाकांजवळ मातीचा हात. पूर्णेच्या खोऱ्यातली गाडी दाखवायची असेल तर काळ्या मातीचे शिंतोडे हवेत. विटकरी धूळ उडवली तर ती भलत्याच मुलखातली होते.

क्रमांकाची पाटी हा माझ्या मते या छंदातला सर्वांत सुंदर धडा. बुलढाण्याची नोंदणी एमएच 28, पण जिल्ह्यातल्या एसटीवर तो आकडा शोधून सापडणं कठीण. महामंडळाच्या गाड्यांच्या बॉड्या दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळच्या हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांत बांधल्या जात आणि नोंदणी साधारण तिथलीच होई. हिंगण्याची गाडी एमएच 40, चिकलठाण्याची एमएच 20. बुलढाणा विभागात बुलढाणा, चिखली, खामगाव, मेहकर, मलकापूर, जळगाव जामोद आणि शेगाव अशी सात आगारं, आणि गाड्यांच्या पाट्यांवर मात्र त्या कार्यशाळांचे जिल्हे. प्रतिकृतीवर एमएच 28 लिहिणाऱ्याला जाणकार लगेच अडवतो.

हा छंद जगात रुजला तो खेळण्यांतूनच. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीनं 1934 मध्ये डिंकी हे नाव बाजारात आणलं. एकास त्रेचाळीस हे आज रुळलेलं प्रमाण खेळण्यातल्या आगगाड्यांच्या मापावरून आलं. जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काड्यापेटीत मावेल एवढंच खेळणं चालत असे. त्यांनी तिच्यासाठी इवलासा रोडरोलर बनवला आणि त्यातून 1953 मध्ये मॅचबॉक्स गाड्या आल्या. अमेरिकेत फिशर बॉडी कंपनी 1930 पासून 1968 पर्यंत मुलांसाठी प्रतिकृतींची स्पर्धा घेत असे, आणि त्यातले कित्येक स्पर्धक पुढे मोटारींचे आराखडे करू लागले.

पण चाकावरची छोटी गाडी घडवायला महाराष्ट्राला कुणी शिकवलं नाही. प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 मध्ये जमीन खणताना एका शेतकऱ्याला कांस्याची चार शिल्पं सापडली. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. रथ 45 सेंटिमीटर लांब. त्यात उभा असलेला सारथी 16 सेंटिमीटर उंच, आणि दांडीवर एक कुत्रा. अभ्यासक त्याचा काळ साधारण साडेतीन ते चार हजार वर्षांमागे नेतात, त्यावर मतभेदही आहेत. तो पूजेसाठी होता की मिरवणुकीसाठी, याचीही चर्चा आहे. एकास चोवीसच्या एसटीची लांबी जवळजवळ या रथाएवढीच भरते, आणि मला या योगायोगाचं फार अप्रूप वाटतं. इकडे नागपूर-वर्ध्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुलं चाकं लावलेले लाकडी नंदी सजवून आणतात आणि सजावटीला बक्षिसं लागतात. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी 1806 मध्ये तो सुरू केला, असं सांगतात. घडवायचं, नटवायचं आणि चारचौघांत मांडायचं, हे तिन्ही त्यात आलं.

मांडणीपुरतं सांगायचं तर काचेची पेटी हवी आणि ती थेट उन्हापासून दूर हवी. लाल रंग उन्हानं लवकर उतरतो. गाडीखाली थांब्याचा तुकडा केला, मार्गाची पाटी ‘मोताळामार्गे मलकापूर’ अशी नीट लिहिली, की पाहणारे खाली वाकून खिडक्यांतून आत पाहू लागतात.

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून नगरला गेली. त्या वेळच्या बेडफर्ड गाड्यांची बॉडी लाकडी, आसनं काथ्याची आणि रंग निळा-चंदेरी. त्या बनवायच्या तर आता जुन्या छायाचित्रांवरून अंदाजानं मापं काढावी लागतात. ॲल्युमिनियमच्या गाड्याही त्याच वाटेनं भंगारात चालल्या आहेत. ज्याला त्या करायच्या आहेत त्याने आगारात रीतसर परवानगी काढून टेप घेऊन जावं. आसांमधलं अंतर, खिडकीची चौकट, पायऱ्यांची उंची, मागच्या शिडीच्या दांड्या आणि छताचा बाक, एवढं तरी आधी टिपून घ्यावं. छताचा बाक छायाचित्रात कधीच खरा येत नाही.