जुनी खुर्ची की जुन्या घडणीची?

मुंबईत चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर किंवा जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात सागवानी आरामखुर्ची शोधायला जावं, तर एकाच घडणीच्या दोन खुर्च्या समोर येतात. लांब हात, वेताची बैठक, गडद पॉलिश, सगळं सारखं. एक खरोखरच शंभरीची, दुसरी नुकती घडवलेली. घ्यायची कोणती?

आधी खुर्ची उलटी करावी. माणसाचे हात-पाय जिथे लागतात किंवा लाकडावर लाकूड घासतं तिथेच खरी झीज होते: हातांच्या टोकांना, पुढच्या आडव्या दांडीला, मेज-कपाटाच्या खणाच्या खालच्या कडेला. सगळीकडे सारखी झिजलेली वस्तू मुद्दाम घासलेली असते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, उभ्या दिशेने जवळजवळ नाही. म्हणून जुन्या गोल टेबलाची फळी मोजली तर किंचित लंबगोल भरते. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आला. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या म्हणवल्या जाणाऱ्या कपाटात तो दिसला, तर निदान तिथे तरी नंतर हात लागला आहे. हातकरवतीच्या सरळ खुणा मात्र आपल्याकडे पुरावा ठरत नाहीत, कारण इथले सुतार आजही हाताने काम करतात.

लाकडाचं वय वेगळं आणि फर्निचरचं वेगळं, हेही ध्यानात ठेवावं लागतं. पाडलेल्या वाड्यांच्या आणि चाळींच्या तुळयांतून निघालेला साग पुन्हा कापून नवं फर्निचर घडतं. किड्याने पाडलेली भोकं गोल दिसण्याऐवजी पृष्ठभागावर लांब उघड्या चरांसारखी दिसली, तर कीड लागून गेल्यावर ते लाकूड कापलं गेलं, हे नक्की. असं फर्निचर वाईट नसतं. ते प्राचीन म्हणून विकणं वाईट.

जुन्या फर्निचरचं मोठेपण मला त्याच्या वयापेक्षा त्याच्या सांध्यांत दिसतं. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या भोकात घट्ट बसवून सरसाने चिकटवलेलं असे. सरस ऊब आणि ओलाव्याने सुटतो, त्यामुळे डुगडुगणारा पाय काढून पुन्हा बसवता येतो. फ्रेंच पॉलिशमधली लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून ओरखडा तेवढ्यापुरता बुजवता येतो. वेत तुटला तर बैठक नव्याने विणता येते. आजच्या रासायनिक गोंदाने सुताराचे कष्ट वाचवले हे खरं, पण त्याने चिकटवलेला सांधा सहसा लाकूड न फाडता उघडत नाही. पॉलीयुरेथेनचा थर उडाला, तर बहुधा सगळा पृष्ठभाग घासावा लागतो.

म्हणून नव्याला नावं ठेवायची का? इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या बघा. त्यांचं मूळ म्हणजे मायकेल थोनेटची १८५९ ची १४ क्रमांकाची खुर्ची: वाफेवर वाकवलेले लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. १८६९ मध्ये तिचं पेटंट संपलं आणि इतर कारखान्यांनीही तशा खुर्च्या काढल्या. त्या वेळच्या नकला आज स्वतःच जुन्या वस्तू म्हणून जपल्या जातात, कारण त्याही मुळाप्रमाणेच सुट्या करून पुन्हा जोडता येतात.

जेवणाच्या टेबलाभोवती सारख्या आठ खुर्च्या हव्या असतील, किंवा आजच्या गादीला बसेल असा पलंग हवा असेल, तर जुन्या घडणीचं नवं फर्निचर निःशंक घ्यावं. मात्र भरीव लाकडाचं, चांगल्या सांध्यांचं आणि नव्याच्याच भावात. एखादीच आरामखुर्ची किंवा लिहायचं मेज हवं असेल, तर खरं जुनं शोधावं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि पुरावस्तू खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही, हे परदेशस्थ मराठी माणसाने आधीच जाणून घ्यावं. दोन्हींपैकी काहीही घेताना दुकानदाराला वय विचारण्याआधी, हे मोडलं तर कसं उघडायचं ते विचारावं. ज्याला ते दाखवता येतं, त्याचा माल शंभर वर्षं टिकण्याच्या योग्यतेचा असतो.