कळफलक हजर आहे का?

वर्गात हजेरी चालू असताना एखादा क्रमांक पुकारला आणि ‘हजर’ असा आवाज आला नाही, तर गुरुजी काय करतात? क्षणभर थांबतात, मान वर करून पाहतात आणि गैरहजेरी मांडून पुढे जातात. संगणक सुरू केला की तोही पहिल्या काही सेकंदांत अशीच हजेरी घेतो. मात्र मान वर करून पाहण्याची सोय त्याला नसते.

मी नोकरीत नवा असतानाची गोष्ट. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक जुना संगणक होता. मुलांच्या वर्षभराच्या प्रात्यक्षिकांच्या नोंदी त्याच्यात साठवलेल्या. त्याला रोज कोणी हात लावत नसे, म्हणून त्याचा कळफलक आणि पडदा काढून मी दुसरीकडे वापरले. काम सुरळीत चालले होते. मग एका रात्री वीज गेली. सकाळी पाहतो तर दिवा लागलेला, पंखा फिरतोय, पण यंत्र काही दाद देईना. प्रात्यक्षिक परीक्षा दोन दिवसांवर! अखेर पडदा आणून जोडला, तर त्यावर एकच ओळ : कळफलकात दोष आहे, पुढे जाण्यासाठी ‘एफ १’ कळ दाबा. आता जो कळफलक नाहीच, त्याची कळ दाबायची कशी?

संगणकाला हे कळते कसे, ते पाहू. जुन्या गोल खुंटीच्या कळफलकाला कामाच्या चारच तारा असतात : ५ व्होल्ट, भूमी, घड्याळ आणि माहिती. कळफलकात स्वतःचा एक छोटा प्रक्रियक असतो. वीज मिळताच तो स्वतःची तपासणी करतो आणि अर्ध्या ते पाऊण सेकंदात ‘सर्व ठीक’ अशा अर्थाचा एक बाइट पाठवतो. द्विमान पद्धतीत तो १०१०१०१० असा लिहितात. हीच त्याची ‘हजर’!

कळफलक नसेल तर? तारेवरचा दाब खाली ओढणारे कोणी नसते, म्हणून ती उच्च पातळीवर नुसती स्वस्थ राहते. पण मुद्दा असा, की उशिरा बोलणारा कळफलक आणि नसलेला कळफलक, दोघांचे मौन सारखेच. म्हणून संगणकाला कुठेतरी मर्यादा घालून ‘आता पुरे’ म्हणावे लागते. गैरहजेरी सिद्ध होत नाही, ती ठरवावी लागते.

माझ्या यंत्रात नंतर मी एक मांडणी बदलली. कळफलक नसला तरी थांबू नकोस, अशी. पण त्याने अर्धेच काम झाले. सुरू होताना तबकडीत बिघाड आढळला आणि ‘दुरुस्त करू का?’ असे यंत्राने विचारले, तर ते कोणाला विचारणार? ज्या ठिकाणी यंत्र आपले म्हणणे मांडते आणि आपले उत्तर घेते, त्याला कन्सोल म्हणतात. कळफलक-पडदा ही जोडी नसेल, तर कन्सोल दुसरीकडे हलवला पाहिजे.

सन कंपनीच्या स्पार्कस्टेशन यंत्रांत (पहिले १९८९ साली आले) याची फार सुटसुटीत योजना होती. सुरू होताना कळफलक सापडला नाही, तर यंत्र आपोआप ‘ए’ क्रमांकाच्या सिरीयल जोडणीवर बोलू लागे. वेग सेकंदाला ९६०० बिट. एका अक्षराला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. ८० अक्षरांच्या २५ ओळींचा पडदा भरायला दोन सेकंदांहून थोडे अधिक. माणसाला वाचायला एवढा वेग भरपूर झाला, आणि तारा जेमतेम तीन! दुसऱ्या खोलीतूनही यंत्राशी बोलता येते.

फ्रीबीएसडी या प्रणालीत ‘-पी’ अशी खूण लिहून ठेवली, की आरंभीचा कार्यक्रम हीच निवड करतो. पण या कार्यक्रमाला तबकडीच्या सुरुवातीची अवघी ८ किलोबाइट जागा. सविस्तर चौकशी करायला जागाच नाही! म्हणून तो स्मृतीच्या एका ठरलेल्या घरातला एकच बिट पाहतो. १०१ कळांचा मोठा कळफलक आहे का, एवढेच तो बिट सांगतो. परिणाम असा, की एफ ११ आणि एफ १२ नसलेला जुना, लहान कळफलक समोर असूनही गैरहजर ठरू शकतो. बिचारा माणूस काळ्या पडद्याकडे पाहत बसतो आणि यंत्र मात्र मागच्या खोबणीतून बोलत असते. मला ही चूक क्षम्य वाटते. जागाच तेवढी होती.

यूएसबी कळफलकाची ओळख पटते ती दाबावरून, आणि इथे तुमचा ओहमचा नियम उपयोगी पडतो. संगणकाच्या बाजूने माहितीच्या तारेला १५ किलो-ओहमचा रोध भूमीशी जोडलेला असतो. जुन्या धर्तीचा, मंदगती कळफलक लावला की त्यातला १.५ किलो-ओहमचा रोध दोनपैकी एका तारेला ३.३ व्होल्टकडे खेचतो. दाब किती होईल? ३.३ × १५ ÷ १६.५, म्हणजे ३ व्होल्ट. शून्यावरून तीनवर उडी आली, की काहीतरी जोडले आहे हे कळते. पण तो कळफलक की माउस, हे कळायला पुन्हा विचारपूस आलीच.

शाळेच्या प्रयोगशाळेत गोल खुंटीचा कळफलक असलेला संगणक असेल, तर शिक्षकांच्या परवानगीने तो सुरू करताना पडद्याकडे न पाहता कळफलकाच्या तीन दिव्यांकडे पाहा. तिन्ही एकदम क्षणभर लुकलुकतील. स्वतःची तपासणी चालली आहे ती त्याच वेळी. मात्र यंत्र चालू असताना ती खुंटी काढू किंवा घालू नका.