लाकूड दाबलं जातं, ताणलं जात नाही

गेल्या महिन्यात माझ्या हातून बीच लाकडाच्या पाच पट्ट्या मोडल्या. प्रत्येक वेळी वाटायचं, वाफ कमी पडली. म्हणून एका तासाचे दीड केले, मग दोन. तरी साच्यावर वाकवताना बाहेरच्या बाजूने 'कट्' असा आवाज यायचाच. सहावी पट्टी वाकली, तीही एकाच तासाच्या वाफेवर. फरक काय होता, तेच आज सांगते.

लाकूड म्हणजे सेल्युलोजचे लांब तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं लिग्निन. ओल्या लाकडातलं लिग्निन साधारण ८० ते १०० अंश सेल्सियसला मऊ होतं. वाफेचं काम एवढंच: आतपर्यंत उष्णता पोचवणं आणि लाकूड सुकू न देणं. २५ मिमी जाडीला एक तास, हा सुतारांचा ठोकताळा. जास्त वेळ ठेवून फारसा फायदा नाही.

खरी अडचण पुढे आहे. वाफवलेलं बीच किंवा ओक रेषेच्या दिशेने २५ टक्क्यांपर्यंत दाबलं जाऊ शकतं, पण ताणलं जातं जेमतेम १-२ टक्के. आता हिशोब करू. पट्टी २० मिमी जाड, आतली त्रिज्या २०० मिमी, म्हणजे बाहेरची २२०. मधली रेषा आहे तेवढीच राहते असं धरलं, तर बाहेरची बाजू जवळजवळ ५ टक्के ताणली जायला हवी. ती मोडणारच! वाफ कितीही द्या.

उपाय सोपा आहे. बाहेरच्या बाजूला पातळ पोलादी पट्टी लावायची आणि तिच्या दोन्ही टोकांना लाकूड घट्ट अडेल असे ठोकळे बसवायचे. आता बाहेरची बाजू लांबूच शकत नाही. सगळा बदल आतल्या बाजूला, दाबाच्या रूपात होतो. आपल्या पट्टीत तो सुमारे ९ टक्के, म्हणजे मर्यादेच्या बराच आत.

ही युक्ती वापरून मिखाएल थोनेट यांनी भरीव बीच वाकवलं. १८५६ मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं आणि १८५९ मध्ये त्यांची प्रसिद्ध १४ नंबरची खुर्ची आली. तिच्यात लाकडाचे फक्त सहा भाग!

करून बघणार असाल तर तीन गोष्टी सांभाळा. भट्टीत वाळवलेलं लाकूड शक्यतो टाळा, हवेत वाळलेलं नीट वाकतं. रेषा सरळ हव्यात, गाठ नको. आणि पेटीतून काढल्यावर मिनिटभरात साच्यावर चढवा, नाहीतर लिग्निन पुन्हा घट्ट व्हायला लागतं. जाड हातमोजे विसरू नका, वाफेचा चटका वाईट.

माझ्या पाच पट्ट्या वाया गेल्या खऱ्या. पण 'अजून मऊ कसं करू' हा प्रश्नच चुकीचा होता, हे त्यांनीच शिकवलं. विचारायला हवं होतं, 'ताण कुठे पडतोय?'