गळ्यावरचा वर्ख

इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्डच्या ग्रंथातले हमिंगबर्ड मी पडद्यावर पुष्कळदा पाहिले होते. तिथे त्यांचा गळा नुसता लालसर दिसे. लंडनमध्ये ओळखीतून मूळ चित्र हाताळायला मिळालं, ते खिडकीकडे जरा तिरपं केलं आणि गळा पेटल्यासारखा झळाळला. हे साधलं कसं, ते समजून घ्यायला जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे गेलो.

त्यांच्या टेबलावर त्याच ग्रंथातलं एक सुटं पान होतं. "सोन्याचा वर्ख," त्या भिंग माझ्याकडे देत म्हणाल्या. आधी वर्ख, त्यावर पारदर्शक तैलरंग आणि वार्निश. "आणि अशी ३६० चित्रं!"

३६० चित्रं, पाच खंडांत, १८४९ ते १८६१. रेषा दगडावरून छापलेल्या. रंग मात्र प्रत्येक प्रतीत हातानं भरलेला. म्हणजे एका संचापुरते ३६० वेळा. पुढच्या संचाला पुन्हा पहिल्यापासून.

मऊ ब्रशनं धूळ निघाली. मग बाईंनी चित्रातल्या एका हिरव्या पानाच्या कडेला सुईच्या अग्राएवढं पाणी टेकवलं, वर टीपकागद दाबला. टीपकागदावर पोपटी ठिपका उमटला. डिंकात कालवलेला रंग दीडशे वर्षांनंतरही पाण्यानं सुटत होता. पान धुण्याचा बेत तिथेच रद्द झाला, कागदावरचे तपकिरी डाग राहिले. मला ते आवडलं. डागापायी कुणाचा तरी हात पुसला गेला नाही.

कुणाचा, ते चित्रावर कुठेच नाही. खाली गूल्ड आणि चित्रकार रिख्टर ही नावं आहेत, छापखान्याचंही आहे. गेब्रिएल बेफील्ड यांच्या देखरेखीखाली रंग भरणारे हात मात्र अनामिक. समोरचा नमुना पाहून ते रंगवत गेले. खुद्द गूल्डनं जिवंत हमिंगबर्ड पाहिला तो १८५७ साली, फिलाडेल्फियात. तोवर ग्रंथाचे बरेच भाग बाहेर पडले होते!

डावी कड सरळ कापलेली होती. कुणीतरी खंड फोडून पानं सुटी विकली होती. दिवाणखान्याच्या भिंतीसाठी अशी पानं हातोहात खपतात. मला ही लूटच वाटते. बाई त्यावर काही बोलल्या नाहीत. गव्हाच्या खळीत जपानी कागदाची पट्टी भिजवून त्यांनी कडेची फाट सांधली. बाकीच्या पानांचं विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "माझ्याकडे हे एकच आलंय."