फुलातले फूल

भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी आटोपली आणि थंडीला जोर चढला, की वैनगंगेच्या काठच्या मळ्यांत आणि घरोघरच्या परसांत सांबाराचे वाफे हिरवेगार दिसू लागतात. महाराष्ट्राच्या इतर भागांत जिला कोथिंबीर म्हणतात, तिलाच ह्या मुलखात सांबार हे नाव आहे. पाने खुडावीत आणि भाजीत घालावीत, एवढाच बहुतेकांचा तिच्याशी संबंध. त्यामुळे बियांसाठी राखलेल्या झाडांवर पुढे पांढऱ्या-गुलाबी फुलांची नाजूक छत्रे उभी राहतात, तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः ते छत्र अगदी जवळून पाहण्याजोगे आहे.

देठाच्या टोकापासून छत्रीच्या काड्यांप्रमाणे काही बारीक काड्या निघालेल्या असतात. प्रत्येक काडीच्या टोकाशी आता फूल असेल, असे आपल्याला वाटते. पण तेथे असते दुसरे लहानसे छत्र! त्याच्याही काड्या तशाच, मात्र अधिक बारीक. आणि त्यांच्या टोकांशी मग फुले. चवरीसारख्या आकारावरून वनस्पतिशास्त्रज्ञ ह्याला संयुक्त चामरकल्प फुलोरा म्हणतात. बडीशेप, ओवा आणि गाजर ही सांबाराचीच भावंडे. त्यांचे फुलोरेही असेच असतात.

मोठ्या छत्राचा एक अंश खुडून घेतला, तर तो अंश सबंध छत्राची लहान प्रतिकृतीच दिसतो. अंशाने पूर्णासारखे दिसावे, ह्या गुणाला स्वसादृश्य म्हणतात. फुलकोबीचा तुरा मोडून पाहिला, तरी हाच अनुभव येतो.

स्वसादृश्य म्हणजे नुसती पुनरावृत्ती नव्हे. ह्याच जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात आंधळगाव येथे कोशाच्या रेशमाचे विणकाम चालते. विदर्भातील करवतकाठी साडीच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते. ते दाते एकामागून एक येतात, पण सगळे एकाच मापाचे. ही पुनरावृत्ती झाली. आता अशी कल्पना करा, की त्या प्रत्येक दात्याच्या दोन्ही कडांवर लहान दाते आहेत, त्या लहान दात्यांवर त्याहून लहान दाते आहेत आणि हा क्रम कोठे थांबतच नाही. असा काठ कोणत्याही मागावर विणता येणार नाही. परंतु त्याचा विचार करता येतो. हेल्गे फॉन कॉख ह्या स्वीडिश गणितज्ञाने १९०४ साली नेमका असाच विचार केला.

त्याची रीत सोपी आहे. एक सरळ रेघ घ्यावी, तिचे तीन समान भाग करावेत आणि मधला भाग पुसून त्या जागी तेवढ्याच लांबीच्या दोन बाजूंचा दाता उभा करावा. एका रेघेच्या चार रेघा झाल्या. आता ह्या चारही रेघांवर तीच क्रिया करावी. पहिली रेघ २७ सेंटिमीटर असेल, तर पहिल्या खेपेस एकूण लांबी ३६ सेंटिमीटर होते, दुसऱ्या खेपेस ४८, तिसऱ्या खेपेस ६४. रेघेची दोन टोके होती तेथेच असतात आणि लांबी मात्र वाढतच जाते. समभुज त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंवर ही क्रिया केली, म्हणजे सहा पाकळ्यांच्या फुलासारखी सुंदर आकृती तयार होते.

त्या काळच्या पुष्कळ गणितज्ञांना असल्या आकृत्या विक्षिप्त वाटत. ढग, डोंगर, समुद्रकिनारे, झाडे ह्यांची वेडीवाकडी रूपे समजून घेण्यास ह्याच आकृत्या उपयोगी पडतात, हे पुढे बेन्वा मांडेलब्रॉट ह्याने पटवून दिले. त्याचा जन्म १९२४ साली वॉर्सा येथे झाला आणि तो अमेरिकेत आय. बी. एम. कंपनीच्या संशोधनशाळेत काम करी. ‘तुटलेला’ ह्या अर्थाच्या एका लॅटिन शब्दावरून त्याने १९७५ साली अशा आकृत्यांना ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिले. त्याच्या हाताशी संगणक होता, हे त्याचे भाग्य. जी आकृती हाताने काढताना माणूस चौथ्या-पाचव्या खेपेस थकून जातो, ती यंत्र न कंटाळता काढीत राहते.

फुलांच्या चित्रांकडे नेणारी वाट मात्र एका जीवशास्त्रज्ञाने दाखविली. आरिस्टिड लिंडेनमायर हा मूळचा हंगेरीचा. शेवाळासारख्या साध्या जीवांची वाढ कशी होते, ह्याचे वर्णन त्याने १९६८ साली अक्षरांच्या साहाय्याने केले. समजा, ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन पेशी आहेत. नियम असा, की प्रत्येक खेपेस ‘अ’ च्या जागी ‘अब’ लिहावे आणि ‘ब’ च्या जागी ‘अ’ लिहावे. मग ‘अ’ पासून ‘अब’, ‘अब’ पासून ‘अबअ’ आणि त्यापासून ‘अबअअब’ अशी साखळी वाढते. अक्षरे मोजली तर १, २, ३, ५ आणि पुढे ८ भरतात. काव्यातील लघु-गुरूंच्या रचना मोजताना ह्याच संख्या हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या देशात सांगितल्या होत्या; शेवाळाचा आणि छंदःशास्त्राचा असा मेळ पडावा, हे कौतुकच आहे.

अक्षरांपासून चित्र होते ते असे. पडद्यावर एक काल्पनिक कासव आहे, असे मानतात. ‘पुढे जा’ म्हटले, की ते रेघ ओढीत पुढे जाते. ‘वळ’ म्हटले, की दिलेल्या कोनातून वळते. साखळीतील एकेक अक्षर म्हणजे त्या कासवाला दिलेली एकेक आज्ञा. ह्या रीतीने काढलेल्या झाडाफुलांची चित्रे प्रझेमिस्लाव प्रुसिंकिएविच आणि लिंडेनमायर ह्यांच्या १९९० सालच्या पुस्तकात आहेत. आज हे काम शाळेतील साध्या संगणकावरही करता येते.

सांबाराच्या छत्रासाठी आज्ञा अशी देता येईल : ‘एक देठ काढ, त्याच्या टोकाशी पाच देठ छत्रासारखे पसर, प्रत्येकाची लांबी आधीच्या देठाच्या एक तृतीयांश ठेव, आणि प्रत्येक नव्या देठावर हेच पुन्हा कर.’ आज्ञा चारच वाक्यांची, पण देठांची संख्या ५, २५, १२५, ६२५ अशी वाढते आणि दहाव्या खेपेस ती ९७,६५,६२५ होते. येथे नवशिका हमखास फसतो. ‘कोठे थांब’ हे सांगायला तो विसरतो आणि यंत्र बिचारे राबतच राहते. इतके करूनही हाती काही लागत नाही. कारण पहिला देठ ९ सेंटिमीटरांचा धरला, तरी सहाव्या खेपेच्या देठांची लांबी मिलिमीटरच्या आठव्या भागाइतकीही उरत नाही आणि पडद्यावर ते दिसेनासे होतात. सांबाराचे झाड तर दोनच खेपांनंतर थांबते. कोठे थांबावे हे निसर्गाला ठाऊक असते. संगणकाला ते सांगावे लागते.

मग रंग. मोठे देठ गर्द हिरवे, त्यापुढचे पोपटी आणि शेवटच्या टोकांशी पांढऱ्यात किंचित गुलाबी, असे प्रत्येक खेपेला एकेक रंग नेमून दिले, की चित्र खुलते. तरीही अशा पहिल्या चित्राकडे पाहून मन म्हणते, की हे फूल नव्हे; ही छत्र्यांच्या दुकानातील मांडणी आहे. सगळ्या काड्या सारख्या, सगळे कोन सारखे. चूक यंत्राची नसते. त्याने नियम तंतोतंत पाळलेला असतो. नियमच अपुरा असतो.

हा अपुरेपणा भरून काढण्यासाठी चित्रकाराला पुन्हा वाफ्याकडे जावे लागते. तेथे बारकाईने पाहिले, म्हणजे तीन गोष्टी ध्यानात येतात. एक तर कोणत्याही दोन काड्यांची लांबी अगदी सारखी नसते. म्हणून ‘कोन ३० अंश ठेव’ असे न म्हणता ‘२५ ते ३५ अंशांमधील कोणताही घे’ असे सांगतात. मग त्याच आज्ञेतून दर वेळी निराळे छत्र निघते. दुसरे असे, की छत्रातील फुले एकदम उमलत नाहीत. कडेची आधी उमलतात आणि मधल्या कळ्या मागाहून. तिसरी गोष्ट सर्वांत सुंदर आहे. छत्राच्या मध्यावरील फुलांच्या पाकळ्या लहान असतात. पण कडेच्या फुलांच्या बाहेरच्या बाजूच्या पाकळ्या लांब व रुंद असतात, आतल्या बाजूच्या मात्र आखूडच राहतात. त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला अनेक फुलांचे ते छत्र एकच मोठे फूल भासते.

तेव्हा चित्र संगणकाने काढले की माणसाने, हा वाद पुष्कळदा ऐकू येतो. रेघा यंत्राने ओढल्या हे खरे. पण कडेची पाकळी लांब असते, हे पाहिले कोणी? ज्याने वाफ्याशी बसून ती पाहिली, त्यालाच आज्ञेत आणखी एक ओळ घालण्याचे सुचले : ‘फूल छत्राच्या कडेला असेल, तर बाहेरची पाकळी मोठी कर.’ ती ओळ घालून आज्ञा पुन्हा दिली, की पडद्यावर पहिला देठ उभा राहतो, त्यातून छत्र फुटते, छत्रातून लहान छत्रे फुटतात; आणि शेवटी कडेच्या फुलांच्या पाकळ्या बाहेर झुकतात, तेव्हा परसात सांबार पाहिलेले मूल ते फूल चटकन ओळखते.