‘शून्य नोंदी’ म्हणजे काय? एआय एजंटच्या दोषशोधन-साधनांची माहितीपत्रके

पैनगंगेच्या काठावरील देऊळघाट हे बुलढाणा तालुक्यातील गाव. त्याचे नाव कोणी दीर्घ ‘ऊ’ने लिहितो, तर कोणी ऱ्हस्व ‘उ’ने ‘देउळघाट’ असे लिहितो. जिल्ह्याच्या नावाचीही तीच गत आहे. ‘बुलढाणा’ आणि ‘बुलडाणा’ ही दोन्ही रूपे आजही छापली जातात. कार्यालयातील लिपिकास यामुळे अडचण भासत नाही. संगणकाच्या दृष्टीने मात्र ‘ऊ’ आणि ‘उ’ ही दोन स्वतंत्र अक्षरे असून त्यांचे संकेतांकही वेगळे आहेत. निराळी सूचना दिलेली नसेल, तर तो ही दोन वेगळ्या गावांची नावे मानतो.

समजा, एखाद्या योजनेसाठी दोन विभागांच्या याद्या परस्परांशी ताडून पाहणारी संगणकप्रणाली तयार करण्यात आली. एका यादीत गावाचे एक रूप आहे, दुसरीत दुसरे. परिणामी पात्र कुटुंबे यादीतून गळतात आणि चूक झाल्याची सूचना कोठेही मिळत नाही. असा दोष हुडकून दूर करण्याच्या कामास ‘डीबगिंग’ म्हणतात. आपण त्यास दोषशोधन म्हणू. हे काम आजवर तंत्रज्ञ करीत आले. अलीकडे त्याचा काही भाग ‘एआय एजंट’कडे सोपविला जाऊ लागला आहे. एजंट म्हणजे असा संगणकीय कार्यक्रम, की ज्याला उद्दिष्ट सांगितले असता तो कामाचे टप्पे स्वतः ठरवितो, हाताशी दिलेली साधने वापरतो आणि त्यांचे उत्तर वाचून पुढचे पाऊल टाकतो.

ही साधने नवी नाहीत. कार्यक्रम मध्येच थांबवून त्याच्या आत डोकावू देणारे ‘जीडीबी’ हे साधन १९८६ सालचे आहे. नवे आहे ते वापरणाऱ्याचे स्वरूप. एजंटला साधने जोडून देण्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही खुली पद्धत जाहीर झाली. तीत प्रत्येक साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्यास द्यावयाची माहिती शब्दांत लिहून द्यावी लागते. त्या मजकुरावरूनच एजंट साधनाची निवड करतो. नवा लिपिक अडला, तर शेजारच्या टेबलावर विचारून येतो. एजंटला असे शेजारचे टेबल सहसा नसते. लिहिले नसेल ते तो अंदाजाने भरून काढतो, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने!

आता वरील याद्यांची तपासणी करणाऱ्या साधनाचे वर्णन ‘गावाच्या नोंदी तपासते’ एवढेच लिहिले आहे असे मानू. एजंटने ‘देऊळघाट’ हे नाव दिले आणि उत्तर आले : ‘० नोंदी’. याचा अर्थ काय घ्यावा? गावात लाभार्थी नाहीत, नाव जुळले नाही, त्या गावाची यादी अद्याप चढवलेली नाही, की एजंटला ती पाहण्याचा अधिकारच नाही? चारही प्रसंगी शून्यच दिसते. पहिला अर्थ गृहीत धरून एजंटने ‘प्रणालीत दोष नाही’ असा अहवाल दिला, तर गळलेली कुटुंबे गळलेलीच राहतात, शिवाय त्यावर तपासणी झाल्याचा शिक्का बसतो.

हेच वर्णन असे लिहिता येईल : ‘एका गावाच्या दोन याद्यांतील कोणत्या नोंदी जुळल्या नाहीत आणि त्या कोणत्या टप्प्यावर वगळल्या गेल्या, हे दाखविते. गावाचे नाव अक्षरशः जुळविले जाते. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक चालत नाही. शक्यतो गावाचा संकेतांक द्यावा. नाव न सापडल्यास “गाव आढळले नाही” असे उत्तर येते. “० नोंदी” याचा अर्थ गाव सापडले, दोन्ही याद्या उपलब्ध आहेत आणि न जुळलेली नोंद एकही नाही. हे साधन केवळ वाचते, नोंदीत बदल करीत नाही.’ अर्थात, साधनाचे वर्तनही तसेच असले पाहिजे. चारही प्रसंगी एकच शून्य देणाऱ्या साधनाची उणीव उत्तम भाषेने भरून निघत नाही.

परिमाणांची बाब याहून फसवी आहे. ‘१.२०’ हा आकडा एकर-गुंठ्यांत वाचला, तर ६० गुंठे, म्हणजे सुमारे ६१ आर होतात. हेक्टर-आरमध्ये वाचला, तर १२० आर. जमीन तीच, पण पहिल्या वाचनाने शेतकरी एक हेक्टरच्या आतील अत्यल्पभूधारक ठरतो, दुसऱ्याने अल्पभूधारक. वर्षाचेही तसेच : महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते, आर्थिक वर्ष १ एप्रिलला. साधन क्षेत्र किंवा वर्ष दाखवीत असेल, तर ते कोणत्या मापाचे, हे त्याच ओळीत सांगितलेले बरे.

‘केवळ वाचते’ हे शब्द लिहिणे आवश्यक असले, तरी पुरेसे नाहीत. नोंदी बदलण्याचा अधिकार प्रणालीतूनच रोखलेला असावा. पत्रकातील वाक्य हे कुलूप नव्हे. तसेच तपासलेल्या नोंदीत कोणी आदेशवजा मजकूर घातलेला असू शकतो. तो माहिती म्हणून वाचावा, आज्ञा म्हणून नव्हे, असेही स्पष्ट करावे लागते.

पत्रक लांबलचक असावे, असा याचा अर्थ नाही. एजंट एका वेळी मर्यादित मजकूरच लक्षात ठेवू शकतो. ‘युनिक्स’ या संगणकप्रणालीच्या १९७१ सालच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत बहुतेक आज्ञांची माहिती अगदी थोडक्यात दिलेली होती. पण तीत ‘दोष’ या शीर्षकाखाली त्या आज्ञेच्या ज्ञात उणिवा मोकळेपणाने नोंदविण्याची सोय होती. आपल्याकडील माहितीपत्रकांत साधनाची थोरवी असते, उणिवांचा रकाना क्वचितच आढळतो. एजंटला मात्र त्याचाच उपयोग अधिक.

हे पत्रक कोणी लिहावे? साधन तयार करणाऱ्या अभियंत्यास त्याची रचना ठाऊक असते. पण गावाचे नाव किती प्रकारे लिहिले जाते, किंवा जुन्या उताऱ्यातील आकडा कोणत्या मापाचा, हे ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) जाणतात. यास्तव मसुदा दोघांनी मिळून करावा. नंतर तो त्या कामाशी संबंध नसलेल्या एखाद्या शिक्षकास वाचावयास द्यावा आणि ‘० नोंदी’चा अर्थ विचारावा. शिक्षक अडखळले, तर वाक्य बदलावे. त्यानंतरच एजंटकडून चाचणी घ्यावी : एकदा ‘देऊळघाट’ देऊन, एकदा ‘देउळघाट’ देऊन, आणि एकदा अस्तित्वातच नसलेल्या गावाचे नाव देऊन. तिन्ही वेळा एजंटने काढलेला निष्कर्ष पत्रकासोबत नोंदवून ठेवावा, म्हणजे साधनात बदल झाल्यावर तीच चाचणी पुन्हा घेता येते.